स्वतःचीच कानउघाडणी करणारा रोमन सम्राट

निळीशाई

विशीतल्या एका मुलाचं पत्र आहे. सर्दीमुळे जरा उशिरा उठलो, असं तो लिहितो. उशिरा म्हणजे तरी भल्या पहाटेच. मग शेतीवरचं केटोचं पुस्तक वाचलं, थोडं लिहिलं, मधपाण्याने घसा शेकला. जेवून सगळे द्राक्षं तोडायला गेलो, घामाघूम झालो, हसलो-खिदळलो. दुपारी आई खाटेवर येऊन बसली. ‘माझे फ्रॉन्टो आत्ता काय करत असतील?’ मी म्हटलं. ‘आणि माझी ग्रॅशिया?’ आई म्हणाली. मग कोण कुणाचं जास्त लाडकं यावर आमची जुंपली, तेवढ्यात घंटा झाली: वडील आंघोळीला गेले होते. आंघोळ करून आम्ही तेलाच्या घाण्याच्या खोलीत जेवलो (घाण्याच्या खोलीत आंघोळ नाही केली हं, आंघोळ करून मग तिथे जेवलो) आणि गडीमाणसांची एकमेकांशी चाललेली थट्टा ऐकत बसलो.

हा मुलगा म्हणजे मार्कस ऑरेलियस. ‘वडील’ म्हणजे त्याला दत्तक घेणारा सम्राट अँटोनायनस पायस, फ्रॉन्टो म्हणजे लॅटिन वक्तृत्वाचे गुरुजी आणि ग्रॅशिया त्यांची बायको. ही पत्रं शतकानुशतकं गडप होती. १८१५ मध्ये आंजेलो माई या ग्रंथपालाला ती मिलानमध्ये सापडली, तीही दुसऱ्याच मजकुराखाली. चर्मपत्र महाग, म्हणून कुणीतरी जुनी शाई खरवडून वर नवं लिहिलं होतं.

मुद्दाम पत्रापासून सुरुवात केली. मार्कस म्हटलं की आपल्यापुढे दाढीवाला शांत पुतळा येतो आणि खाली एक सुविचार. आमच्या बँकेच्या ग्रुपवर दर सोमवारी एक तरी येतोच. मी त्याची वही (इंग्रजीत ‘मेडिटेशन्स’, त्याने स्वतःसाठी लिहिलेली टिपणं) तिसऱ्यांदा वाचतोय आणि दर खेपेला वाटतं, हा माणूस अजिबात शांत नव्हता. तापट होता, माणसांना विटलेला होता, सकाळी अंथरुणातून उठायला कुरकुरत होता. ज्याला राग येत नाही तो रागावर इतक्या वेळा कशाला लिहील? पहिल्याच भागात तो देवांचे आभार मानतो, की रस्टिकसवर मी कितीदा चिडलो, पण पुढे पस्तावावं लागेल असं काही हातून घडलं नाही. रस्टिकस हा त्याचा सर्वांत जवळचा गुरू. बाकीच्यांचं काय होत असेल!

आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म २६ एप्रिल १२१, रोममध्ये. वडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवलं. आई दोमिशिया लुसिला वारसाने विटांच्या भट्ट्यांची मालकीण. सम्राट हेड्रियनचा या पोरावर जीव. घराण्याचं नाव ‘वेरस’, म्हणजे खरा, म्हणून तो याला ‘वेरिसिमस’, सर्वांत खरा, अशी हाक मारायचा. बाराव्या वर्षी तत्त्वज्ञांसारखी जाडीभरडी शाल पांघरून जमिनीवर झोपायचं खूळ डोक्यात शिरलं. आईने मिनतवारी करून खाटेवर आणला. १३८ मध्ये हेड्रियनने अँटोनायनसला दत्तक घेतलं ते या अटीवर, की त्याने मार्कस आणि लुसियस या दोन मुलांना दत्तक घ्यावं. त्यानंतर २३ वर्षं युवराजपद. १६१ मध्ये गादी मिळाली, तेव्हा मार्कसने लुसियसलाही बरोबरीचा सम्राट करून घेतलं. रोममध्ये दोन सम्राट ही पहिलीच वेळ.

आणि मग एकामागून एक सगळं कोसळायला लागलं. टायबरला पूर, धान्याची टंचाई, पूर्वेला पार्थियाशी युद्ध. ते जिंकून सैन्य परतलं ते साथ घेऊन. बहुधा देवीची साथ. गॅलेन या वैद्याने तिची लक्षणं नोंदवून ठेवली आहेत. पाठोपाठ उत्तरेला मार्कोमानी, क्वादी, सार्मेशियन टोळ्या डॅन्यूब ओलांडून आत. १६९ मध्ये लुसियसही गेला. ज्याला पुस्तकांत आयुष्य काढायचं होतं त्याची पुढची बरीच वर्षं तंबूत गेली.

वही तिथली आहे. पहिल्या दोन भागांच्या सांध्यावर ‘क्वादींच्या मुलखात, ग्रानुआवर’ अशी ओळ सापडते (आजच्या स्लोव्हाकियातली ह्रोन नदी), पुढच्या सांध्यावर ‘कार्नुन्टममध्ये’ (व्हिएन्नाजवळची रोमन छावणी). बारा भाग, भाषा ग्रीक. दिवसभर हुकूम लॅटिनमध्ये, रात्री स्वतःशी बोलणं ग्रीकमध्ये. आपल्याकडे नाही का, जमाखर्च मराठीत नि वेदान्त संस्कृतात. नाव त्याने काही दिलेलं नाही. नंतरच्यांनी ‘स्वतःप्रत’ अशा अर्थाचे शब्द वर घातले.

आता तत्त्वज्ञान. सायप्रसहून आलेला झेनो इ.स.पू. ३०० च्या सुमाराला अथेन्समधल्या चित्रं रंगवलेल्या ओसरीत शिकवायचा. ग्रीकमध्ये तशा ओसरीला स्टोआ म्हणतात, म्हणून ते स्टोइक. सरळ ‘ओसरीवाले’ म्हणा. मार्कसला हे लागलं ते एपिक्टेटसकडून. एपिक्टेटस हा लंगडा, एके काळचा गुलाम. स्वतः एक अक्षर लिहिलं नाही, शिष्याने टिपणं घेतली. ती टिपणं रस्टिकसने स्वतःच्या संग्रहातून मार्कसला दिली. गुलामाच्या शिकवणीवर सम्राट पोसला, हे मला फार आवडतं.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर, साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला ही झाली नोंद. ‘माझं वाटोळं झालं’ हा मी त्या नोंदीवर मारलेला शेरा. नोंद माझ्या हातात नाही, शेरा आहे. तब्येत, पैसा, नाव, अगदी जीवसुद्धा: लाभलं तर नीट सांभाळावं, पण चांगलं-वाईट हे शब्द तिथे लावू नयेत, ते फक्त आपल्या वागण्याला लावावेत. मार्कस हा शेरा खोडायचा सराव करतो. मेजवानीतल्या उंची फालेर्नियन दारूकडे बघून लिहितो, हा द्राक्षाचा रस. आपल्या जांभळ्या राजवस्त्राकडे बघून लिहितो, ही शिंपल्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. आणखी एके ठिकाणी स्वतःला बजावतो, सीझर होऊन बसू नकोस, त्या रंगात भिजू नकोस.

सुविचारवाले हे एवढंच उचलतात आणि पुढचं सोडून देतात. ओसरीवाल्यांचं म्हणणं, माणूस माणसांसाठी आहे. ‘जे मोहोळाच्या हिताचं नाही ते मधमाशीच्याही हिताचं नाही,’ हे त्याचंच वाक्य. सकाळी उठल्यावरची प्रसिद्ध यादी आठवा: आज मला लुडबुडे भेटतील, कृतघ्न भेटतील, उद्धट, कपटी, मत्सरी भेटतील. ग्रुपवर ती इथे संपते. वहीत मात्र पुढे आहे, की ही माझीच माणसं आहेत, दोन हात, दोन पाय, दातांच्या दोन ओळी यांसारखे आम्ही एकत्र काम करायला जन्मलोत.

युद्धाला पैसा नव्हता तेव्हा त्याने ट्राजनच्या चौकात राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव मांडला. सोन्याचे पेले, स्फटिकाची भांडी, बायकोची रेशमी जरीची वस्त्रं, हेड्रियनच्या खास कपाटातली रत्नं. दोन महिने चालला म्हणतात. पुढे परिस्थिती सुधारल्यावर सांगितलं, ज्यांना परत करायचंय त्यांनी वस्तू आणून द्या नि पैसे घेऊन जा. ज्यांना ठेवायचंय त्यांनी ठेवा. वसुलीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, असा ऋणको-धनको व्यवहार मी पाहिलेला नाही.

वहीतली मला सर्वांत बोचणारी नोंद दहाव्या भागात आहे. कोळ्याला माशी पकडल्याचा अभिमान, कुणाला ससा, कुणाला जाळ्यात मासळी, कुणाला रानडुक्कर, कुणाला अस्वल, तर कुणाला सार्मेशियन पकडल्याचा. आतून तपासलं तर हे सगळे लुटारूच ना? ज्याला सेनेटने ‘सार्मेटिकस’ ही पदवी दिली, त्याच्या हातचं हे आहे. आणि हे लिहून तो उठला असणार, चिलखत चढवून परत त्याच कामाला लागला असणार. ते कसं जमत असेल, यावर मी अडलोय. बोला.

तिरकस

लेख आवडला, पुढील लेखनाला शुभेच्छा.

‘लोक डोंगरात, समुद्राकाठी घरं शोधतात, अरे, वाटेल तेव्हा स्वतःच्या आत जा की’ असं पण त्यानेच लिहिलंय ना? कर्जतच्या प्लॉटचे हप्ते सुरू व्हायच्या आधी कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आता बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणते, तू आत जा, मी कर्जतला जाते.

निळीशाई

:-) चौथ्या भागात आहे ते. पण गंमत बघा, अँटोनायनसच्या लॅनुवियम-लोरियमच्या शेतवाड्यांवर याचंच तरुणपण गेलेलं. सवय सुटत नसणार, म्हणून स्वतःला दटावतोय.

चिंचगुळ

मला वाचताना सारखे मनाचे श्लोक आठवत होते. आम्ही लहानपणी दिवेलागणीला म्हणायचो. तिथेही मनाला समोर बसवून ‘मना’ अशी हाक मारून समजावणं आहे. आणि स्थितप्रज्ञाची लक्षणं तर आहेतच. सगळं शेवटी एकच म्हणायचं का?

खापरफोड्या

चिंचगुळताई, हाक मारण्याची ढब सारखी आहे हे मान्य. पण समर्थांचे श्लोक दहाजणांनी मोठ्याने म्हणावेत म्हणून रचलेले, भुजंगप्रयातात, तोंडी राहतील असे. मार्कसच्या टिपणांना चाल नाही, काही तर अर्धवट तुटलेली आहेत, काही नुसती दुसऱ्याची उतरवून घेतलेली वाक्यं. शिवाय भक्ती नाही. राम नाही की मोक्ष नाही. मेल्यावर आपण विखुरणार की कुठे मिसळणार, याबद्दल तो दोन्ही शक्यता मांडून ठेवतो: एक तर विश्वाला सूत्र आहे, नाहीतर नुसता अणूंचा काला. आणि दोन्ही बाबतीत, तू नीट वाग. ‘सगळं एकच’ म्हटलं की वाचायचं काय उरतं?

चिंचगुळ

बरं बाबा. अणूंचा काला हा शब्द मात्र गोड आहे.

मिठाचा खडा

मी इथे नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकणार.

वही छान आहे हो. पण रोममध्ये पियात्सा कोलोन्नाला जा आणि याचा खांब बघा. साधारण ३० मीटर उंच, खालपासून वरपर्यंत गोल फिरत जाणारं कोरीव काम. त्यात काय आहे? जळणारी गावं, केसांना धरून ओढून नेलेल्या बायका, रांगेत उभं करून मुंडकी उडवलेले कैदी. मधमाशी आणि मोहोळ यात कुठे बसतं? डिओ कॅशियस हा जवळपास समकालीन इतिहासकार, मार्कसचा चाहताच. तोही सांगतो की याझिगेस या सार्मेशियन टोळीचा याला समूळ नायनाट करायचा होता. १७५ मध्ये पूर्वेला अविडियस कॅशियस या सुभेदाराने बंड केलं म्हणून घाईने तह करावा लागला, एवढंच.

दुसरं. १७७ मध्ये ल्यों (आजच्या फ्रान्समधलं शहर) इथे ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. तिथल्या सुभेदाराने विचारणा केली, रोमन नागरिक असलेल्यांचं काय करू? वरून उत्तर आलं: कबूल करतील त्यांना मारा, नाकारतील त्यांना सोडा. ब्लॅन्डिना नावाच्या दासीला कसं मारलं ते शोधून वाचा, मी इथे लिहीत नाही. आणि निळीशाईंचा तो लाडका रस्टिकस, ज्याने एपिक्टेटसची टिपणं दिली? तो रोमचा नगरप्रमुख असताना जस्टिन या ख्रिस्ती तत्त्वज्ञाला सहा सोबत्यांसह फटके मारून शिरच्छेदाची शिक्षा त्यानेच दिली. खटल्याची नोंद उपलब्ध आहे. देवांना बळी दे म्हणाला, त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला.

गुलामाचं तत्त्वज्ञान वाचणाऱ्या सम्राटाने गुलामगिरीचं काय केलं, हे तर विचारतच नाही. शेरा खोडायची ही विद्या सोयीची आहे. समोरच्याचा गळा कापताना आपलं मन निर्मळ ठेवायला बरी पडते.

निळीशाई

खडाजी, यातलं एकही नाकारत नाही. रस्टिकस-जस्टिनचं तर मला माहीत होतं आणि मी लेखात टाळलं, ही कबुली.

एकच जोडतो. त्याच अविडियस कॅशियसला मार्कस मेल्याची अफवा ऐकून चढ आला होता. तीन महिन्यांत त्याच्याच एका अधिकाऱ्याने त्याला मारलं आणि मुंडकं मार्कसकडे धाडलं. मार्कसने ते बघायला नकार दिला, पुरायला लावलं. सेनेटला कळवलं की माझ्या कारकिर्दीत एकाही सेनेटरचं रक्त सांडू नका. म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या शत्रूला क्षमा आणि ल्योंच्या दासीला नाही. मोहोळाची हद्द त्याच्यापुरती कुठे संपत होती, ते यावरून दिसतं. तुमचा मुद्दा याने पक्काच होतो, मला कळतंय.

तिरकस

पण रावसाहेब, पोरगं? कॉमोडस? सिनेमात तर पोराने बापाचा गळा घोटलेला दाखवलाय. शहाण्या बापाने दत्तक घ्यायची चांगली पद्धत मोडून आपल्या दिवट्याला गादीवर बसवला. आपल्याकडचे सगळे पक्ष आठवले.

खापरफोड्या

गळा घोटणं ही सिनेमावाल्यांची करामत. १७ मार्च १८० ला तो छावणीतच आजारपणात गेला. व्हिंडोबोना (आजचं व्हिएन्ना) की सिर्मियम, यावर मतभेद आहेत. कॉमोडस तीन वर्षं आधीपासून सहसम्राट होताच.

आणि ‘दत्तकाची चांगली पद्धत’ हा समज जरा तपासून घ्या. नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस या चौघांपैकी एकालाही वारस होईल असा जिवंत मुलगा नव्हता. म्हणून दत्तक. जिवंत मुलगा बाजूला ठेवून दुसऱ्याला गादी दिली असती तर त्या मुलाला मारावं लागलं असतं, नाहीतर यादवी. मार्कसला चौदाच्या आसपास मुलं झाली, त्यांतला बापामागे उरलेला मुलगा हा एकच. तरी परिणाम वाईट झाला हे खरं. डिओचं वाक्य आहे, इथून आमचा इतिहास सोन्याच्या राज्यातून लोखंडाच्या आणि गंजाच्या राज्यात उतरतो. १९२ च्या शेवटच्या दिवशी कॉमोडसलाच गळा दाबून मारलं.

आता माझं नेहमीचं अवांतर, खापरं गोळा करायची सवय आहे म्हणून. वहीचा प्रवास वहीइतकाच रोचक आहे. ९०० च्या सुमाराला अरेथस नावाच्या बायझन्टाइन धर्मगुरूने एका मित्राला पत्र लिहिलं, की माझ्याकडे मार्कस सम्राटाचं हे जुनं पुस्तक आहे, पार खिळखिळं झालंय, नक्कल करून घेतली, जुनी तुम्हाला पाठवतो. पुढे १५५९ मध्ये झुरिचला छापलं गेलं. ज्या हस्तलिखितावरून छापलं ते नंतर हरवलं. पुतळ्याचंही तसंच. कॅपिटोलच्या टेकडीवरचा घोड्यावरचा काशाचा पुतळा वाचला, कारण मध्ययुगात लोकांना तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टन्टाइनचा वाटला. नाहीतर वितळवला असता. आणि खडाजींच्या त्या खांबावर १५८९ मध्ये पोपने संत पॉलची मूर्ती बसवली, खाली लेख कोरला तो भलत्याच सम्राटाच्या नावाने, अँटोनायनस पायसच्या. आजही तसाच आहे.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडनची काशाची छोटी मूर्ती तिथे आहे, रोमन व्यापारातून आलेली. मार्कसच्या काळात हा समुद्रमार्ग पार चीनपर्यंत गेला होता. चिनी बखरीत १६६ साली ‘आन-दुन’ राजाकडून वकील आल्याची नोंद आहे. आन-दुन म्हणजे अँटोनायनस, हे नाव मार्कसही लावायचा. वकिलांनी नजराणा काय आणला तर हस्तिदंत, गेंड्याचं शिंग, कासवाची पाठ. दरबारी मंडळींनाही शंका आली, की यात रोमचं असं काहीच कसं नाही. बहुधा हिंदी महासागरातले व्यापारी, वकील म्हणून मिरवत होते.

जाता जाता: ‘आपण ऐकतो ते मत, पाहतो तो दृष्टिकोन’ हा जो फॉरवर्ड मार्कसच्या फोटोखाली फिरतो, तो वहीत नाही. कृपया पाठवू नका.

मिठाचा खडा

राजांचं स्वतःबद्दलचं लिखाण म्हटलं की मला नाशिकची पांडवलेणी आठवतात. साधारण त्याच शतकात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी तिथे कोरून घेतली: शक-यवन-पल्हवांचा संहार करणारा, ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली. जगभर राजे असंच लिहितात. स्वतःला ‘लुटारू’ म्हणणारा मला तरी दुसरा आठवत नाही. हे एवढं मी द्यायला तयार आहे. यापुढे नाही.

डॅन्यूबकर

मी व्हिएन्नात राहतो. तिथून लोकल गाडीने तासाभरात पेट्रोनेल-कार्नुन्टम येतं. आई-बाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो होतो, तेव्हा वहीबद्दल काही माहीत नव्हतं. रोमन घरं जुन्या पायांवर पुन्हा उभी केलीत, जमिनीखालून ऊब देणारी व्यवस्था चालू करून दाखवतात. बाबा त्या फरशीवरून हलेनात. शेतात एक मोठी पडकी कमान आहे, पण ती मार्कसनंतरची, चौथ्या शतकातली. बाहेर आलं की सपाट शेतं आणि वारा. हा वारा काय असतो ते इथे राहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कानाला टोपी नसेल तर विचार वगैरे सुचत नाहीत.

सकाळी उठण्यावरून तो स्वतःशी भांडतो, तो उतारा कुणी नीट देईल का? लेखात नुसता उल्लेख आहे.

निळीशाई

पाचव्या भागाची सुरुवात. माझ्या शब्दांत देतो:

पहाटे उठवत नसेल तेव्हा हे जवळ ठेव: मी माणसाच्या कामासाठी उठतोय. ज्याच्यासाठी जन्मलो ते करायला निघालोय, तर कुरकुर कसली? की पांघरुणात गुरफटून ऊब घ्यायलाच मला घडवलंय? ‘पण हे जास्त छान वाटतं!’ म्हणजे तू छान वाटण्यासाठी जन्मलास? झाडंझुडपं, चिमण्या, मुंग्या, कोळी, मधमाश्या आपापलं काम करतायत ते बघ. ‘पण विश्रांतीही हवी ना.’ हवी. पण निसर्गाने तिला माप घातलंय, खाण्यापिण्याला घातलंय तसं. तू मापाबाहेर जातोस. कामात मात्र मापाच्या अलीकडेच थांबतोस.

तुम्ही वाऱ्याचं सांगितल्यावर हे पांघरूण मला वेगळंच दिसायला लागलं. डिओने गोठलेल्या डॅन्यूबवरच्या लढाईचं वर्णन केलंय. पाय घसरू नये म्हणून शिपाई ढाल बर्फावर टाकून तिच्यावर पाय रोवत होते.

रात्रपाळी

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र असते. मी परिचारिका आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. करोनात मोठ्यांच्या वॉर्डात होते.

तेव्हा कुणीतरी मला या वहीचा मराठी सारांश पाठवला होता. शांत राहायला मदत होईल म्हणून. नाही झाली. पांघरुणाचा उतारा उपयोगी पडला, हे खरं. ते किट चढवताना मी ‘माणसाच्या कामासाठी’ एवढं मनात म्हणायचे, कारण मोठं वाक्य सुचायचंच नाही. पण त्यात एक होतं, मुलाचा पापा घेताना मनात म्हणावं, उद्या कदाचित हे मरेल. ते वाचून मी सारांश बंद केला. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि मी पाच महिने तिला दारातून बघत होते. ज्याने हे लिहिलं त्याला मूल नसेल असंच मला वाटलं. इथे कळतंय चौदा होती. मग तर मला जास्तच राग आला. खडाजी म्हणतात ते मला पटतं, ही मन दगड करायची विद्या आहे.

मिठाचा खडा

ताई, मी ‘दगड’ म्हटलं नव्हतं. पण तुमचा राग माझ्या युक्तिवादाहून भारी आहे.

खापरफोड्या

ते वाक्य मूळ एपिक्टेटसचं, मार्कसने उतरवून घेतलेलं. आणि एपिक्टेटसला स्वतःचं मूल नव्हतं. म्हातारपणी एका मित्राचं, गरिबीमुळे टाकून दिलं जाणारं मूल सांभाळलं असं सांगतात. तुमचा अंदाज निम्मा बरोबर आहे.

निळीशाई

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

मार्कसच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त लहानपणीच गेली. कॉमोडसचा जुळा भाऊ चौथ्या वर्षी. आणखी एक मुलगा, अन्नियस वेरस, सातव्या वर्षी कानाखालच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर. मार्कसने त्याचं सुतक पाच दिवस पाळलं, वैद्यांचं सांत्वन केलं आणि कामाला लागला, असं जुन्या चरित्रात आहे. मला हे पूर्वी थोर वाटायचं. आता तुमचं वाचल्यावर नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही.

नवव्या भागात एक आहे: ‘दुसरा मागणं मागतो, माझं मूल जाऊ नये. तू माग, ते जाण्याची भीती जाऊ दे.’ हे ज्याला भीती उरलेली नाही त्याने कशाला लिहावं? मला तरी ते रात्री जागणाऱ्या बापाचं वाटतं. चूक असेन.

पण माझ्याकडे पुरावा म्हणून वही नाही, एक पत्र आहे, पुन्हा फ्रॉन्टोलाच. तोवर हा बाप झाला होता. मजकूर साधारण असा: देवांच्या कृपेने बरं होण्याची आशा वाटते. जुलाब थांबलेत, ताप उतरलाय. अजून अगदी रोड आहे आणि थोडा खोकला उरलाय. तुमच्या लक्षात आलंच असेल, मी आमच्या छोट्या फाउस्टिनाबद्दल लिहितोय.

म्हणजे नाव शेवटी. आधी जुलाब, ताप, खोकला.

रात्रपाळी

जुलाब थांबले, ताप नाही, वजन कमी, खोकला आहे. आम्ही पाळी बदलताना हॅन्डओव्हर असाच देतो. नाव आणि बेड नंबर आधी सांगायचा असतो, पण जीव अडकलेला असला की विसरतात.

वही आणते पुन्हा. तो पाप्याचा उतारा वगळून वाचेन. आता निघते, साडेसातची ड्यूटी आहे.